अख्ख्या शाळेच्या पायाची माती

आमच्या मोठ्या बाई हळू बोलायच्या. बाहेरगावच्या माणसाला यात भिण्यासारखं काय, ते कळायचं नाही. पण कोल्हापुरात माणूस ओरडतोय तोवर सगळं ठीक असतं. भाजीवाली ओरडते, रिक्षावाला ओरडतो, घरचा माणूस 'चहा झाला का' हे शेजारच्या गल्लीला विचारल्यासारखं विचारतो. घरात कुणी हळू आवाजात बोलायला लागलं तर आम्ही आधी विचारतो, 'कोण गेलं?' अशा गावात, राजारामपुरीच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या शाळेत, एका जूनमध्ये मुख्याध्यापक म्हणून ही बाई आली. मलकापूरच्या पलीकडची, घाट उतरून खाली कोकणात जिथं माणसं सुद्धा पाण्यासारखी बोलतात, तिकडची. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये उभी राहून इतक्या खालच्या पट्टीत बोलायला लागली की आम्ही सगळे माना पुढं काढून, श्वास धरून बसलो. पंख्याचा आवाज आड यायला लागला तसे पीटीचे सर उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. जूनच्या उकाड्यात. स्वतःहून.

मी तेव्हा अगदी लहान होते. पंचेचाळीस वर्षांची. हसू नका. नात विचारते, 'आजी, तू लहानपणी कशी होतीस?' तेव्हा मला परकरातली पोर आठवतच नाही, हीच आठवते. बी.एस्सी. बी.एड., सोनेरी काडीचा चष्मा, मानेला ताठा आणि पर्समध्ये लाकडी पट्टी. छडीवर बंदी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी छड्या टाकल्या आणि पट्ट्या घेतल्या. मी ती फक्त टेबलावर आपटायची. मुलं दचकायची. मुलांच्या आधी मी दचकायची. मला नववी 'ब'ची भीती वाटायची, पालकांची वाटायची, संस्थेच्या अध्यक्षांच्या गाडीच्या हॉर्नची वाटायची. आणि ही असली भित्री कोंबडी आरशात बघून स्वतःला 'कडक शिक्षिका' म्हणायची.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. "वागणं हाही विषय आहे. पाढे आले नाहीत म्हणून आपण मुलाला शिक्षा करत नाही, पुन्हा शिकवतो."

आम्ही शिक्षाच करत होतो, पण माना डोलावल्या.

"आणि हा विषय सगळ्यांनी शिकवायचा. शिक्षकांनी, शिपायांनी, कारकुनांनी, खिचडी करणाऱ्या ताईंनी, रिक्षावाल्या काकांनी. फाटकातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंत मुलाला एकच बोलणं ऐकू आलं पाहिजे. एकानं गोंजारलं आणि दुसऱ्यानं गुरकावलं, की मूल दोघांनाही फसवायला शिकतं."

हे झालं भाषण. भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली होती. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हांला जिन्यावर उभं केलं. मुलं यायच्या आधी मोठ्यांची शाळा. डावीकडून उतरायचं, समोरून कुणी आलं तर थांबायचं, धक्का लागला तर 'माफ करा' म्हणायचं. गणिताच्या बाई, मराठीच्या बाई, लठ्ठ कारकून, सगळे एकामागं एक. खालच्या पायरीवर मोठ्या बाई उभ्या. कॅनव्हासचे बूट, त्यावर कडक इस्त्रीची सुती साडी. त्या बुटांचा आवाज व्हायचा नाही; मागं कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. जुने शिपाईमामा पायरीवरच अडून बसले.

"बाई, ह्यो जिना झाडण्यात माझी हयात गेली. आता मला उतराय शिकीवता व्हय?"

"तुम्ही उतरता छानच, मामा," बाई म्हणाल्या. "फक्त मुलांना दिसेल असं उतरा."

मामा उतरले. लग्नातल्या नवरदेवासारखे, एकेक पाऊल जपून. आणि त्या दिवसापासून मामांच्या वाटेत जिन्यावर कुणी उजवीकडून यायची छाती केली नाही.

मग बाईंनी 'नको' आणि 'नका' हे शब्द काढून घेतले. 'धावू नका' म्हणायचं नाही, 'चालत जा' म्हणायचं. 'गोंधळ करू नका' नाही, 'हळू बोला'. सांगायला सोपं आहे. एक दिवस घरात करून बघा. पीटीचे सर म्हणजे एका हाकेत शेजारच्या गल्लीतली कुत्री गोळा करणारा माणूस. ते मैदानावर तोंड उघडायचे आणि तसेच उभे राहायचे. "अय पोरा, भितीवर चढू न... न... आरं खाली लई चांगलं हाय की रं!" पोरगं दचकून खाली. सर माझ्याकडं येऊन म्हणाले, "मॅडम, ह्या बाईनं माझी जीभ बांधली. घरी बायकूला सुद्धा 'नको' म्हणता येईना झालंय. काल तीन येळा वाढलं तिनं."

पण माझी भीती निराळी होती. बाई वर्गावर येऊन शेवटच्या बाकावर बसायच्या. हातात एक पितळी डबी, डबीत भाजलेले शेंगदाणे. मी एखाद्या मुलाला बरं काही बोलले की त्यातला एक शेंगदाणा झाकणात ठेवायच्या. मी कुणाला टाकून बोलले की एक तोंडात टाकायच्या. बास. वही नाही, शेरा नाही, नंतर बोलावणं नाही. तासाच्या शेवटी डबीचं झाकण माझ्याकडं करून नुसत्या उठून जायच्या. माझ्या तासाला झाकण रिकामं असायचं आणि बाईंचं जेवण झालेलं असायचं. पाठमोरी फळ्यावर लिहीत असले तरी मागून ते कुडुम कुडुम ऐकू यायचं. आणि ही कडक शिक्षिका घाबरून जे सुटायची, "वा वा, किती सुंदर सरळ बसला आहेस रे तू!" ते पोरगं सकाळपासून मान अवघडली म्हणून ताठ बसलेलं असायचं.

पण सांगते ते खोटं नाही, दिवाळीपर्यंत शाळा बदलली. नळावरची मारामारी गेली. खिचडीच्या रांगेत पाचवीची पोरं चेंगरायची थांबली. आणि बाईंनी तेव्हा शनिवारचा कार्यक्रम काढला. सकाळच्या शाळेत, परिपाठाला, अख्ख्या शाळेसमोर एका मुलाचं किंवा मुलीचं नाव घ्यायचं. आठवडाभरात त्यानं काय चांगलं केलं ते सांगायचं आणि सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवायच्या. अभ्यासाचं नाही, वागण्याचं. कुणी कुणाला सावरलं, कुणी खरं बोललं. नाव आम्ही शिक्षकांनी सुचवायचं.

मी आठवीतल्या एका मुलीचं सुचवलं. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव चांगलं झकपक होतं, पण घरात, गल्लीत आणि पुढं आमच्याही तोंडी ती केराच. केरा म्हणजे कशी, तर वर्गात आहे की नाही ते हजेरी घेतल्यावर कळावं अशी. बारीक, खाली बघणारी. आईचा म्हशींचा गोठा. पहाटे आईबरोबर दुधाच्या कट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देतात तिथं जाऊन मग शाळेला यायची. पाचवीतल्या एका पोराची प्रार्थनेच्या रांगेत चड्डी ओली झाली होती. हसायला तोंडं उघडणारच होती, तेवढ्यात ही त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. अंगातला स्वेटर काढला, त्याच्या कमरेला बांधला आणि त्याचा हात धरून निघून गेली. कुणाला काही दिसलंच नाही. मला दिसलं.

शनिवारी बाईंनी तिला पायऱ्यांवर बोलावलं. काय केलं ते सांगितलं, त्या पोराचं नाव न घेता. अख्खी शाळा टाळ्या वाजवायला लागली. पीटीच्या सरांनी तर शिट्टीच फुंकली. आणि मी पुढच्याच ओळीत होते, मी पाहिलं. त्या पोरीच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलं. हात ओढणीत. डोळे टाळ्या वाजवणाऱ्यांवरून फिरत होते, जसं काही कुठून दगड येतो ते बघतेय.

रविवारी तिला ताप भरला.

सोमवारी आली नाही, मंगळवारी नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत फाटकाशी गलका झाला. तिची आई गल्लीतल्या बायका घेऊन आली होती. पदर कमरेला खोचलेला, हात शेणानं भरलेले, तशीच उठून आलेली. मी ऑफिसच्या दाराआड उभी राहिले. दाराआड उभं राहण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

"कुणी सांगिटलं हुतं माझ्या पोरीचं नाव घ्याला?" ती ओरडली. "कुणी उभा केली तिला समद्यांच्या डोळ्यांम्होरं? अख्ख्या शाळंची नजर लागली माझ्या लेकराला! आंग फुटलंय तिचं तापानं. डोळं उघडंना झालीय."

मोठ्या बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग हळू विचारलं, "दवाखान्यात नेलं?"

"गल्लीतल्या डाक्टरनं गोळ्या दिल्यात. गुण न्हाय. कसा येणार? दिष्ट उतरल्याबिगर औशीद लागू पडतंय व्हय?"

"कशी उतरते दृष्ट?"

"ज्यानं बघितलं त्येच्या पायाखालची माती लागती. मीठ, मव्हऱ्या, मिरच्या माझ्याकडं हाईत. मला माती द्या. त्या दिशी जे जे हुतं त्या समद्यांची. अख्ख्या शाळंची."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्या बाईनं त्या दिशेला असं बघितलं की हसणं घशातच राहिलं. मग ती पायरीवर बसली आणि आवाज एकदम खाली गेला. तो खाली गेला तेव्हा मला खरी भीती वाटली.

"पयला पोरगा हुता मला," ती म्हणाली. "गुटगुटीत. सुदृढ बालकाचा नंबर आला त्येचा. टेजवर उभा केला, हार घातला, टाळ्या वाजवल्या. त्येच म्हैन्यात गेला. म्हनून ही झाल्याबरुबर सुपात घालून केरावर ठिवली. शेजारणीनं पसाभर जुंधळं देऊन इकत घेतली आनि मला संबाळाय दिली. कुनाच्या डोळ्यांत भरू नये म्हनून केरा नाव ठिवलं. एवढी वाढीवली, कदी तोंडानं 'गुणाची' म्हटलं न्हाय तिला. आनि तुमी..."

तिनं शेणानं भरलेल्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले.

पीटीचे सर बाईंच्या कानाशी लागले. "बाई, ह्यात पडू नका. जादूटोण्याच्या इरुद्ध कायदा हाय. उद्या पेपरात आलं की शाळंत दिष्ट उतरीवली, तर अध्यक्ष आपल्या समद्यांची उतरीवतील."

"मुलीला ताप आहे, सर," बाई म्हणाल्या.

मग त्या केराच्या आईशेजारी पायरीवर टेकल्या. इस्त्रीची साडी, त्या मातीत. "मी माती देते. अख्ख्या शाळेची देते. पण उतरवायची ती सरकारी दवाखान्यात. आत्ता, पोरीला घेऊन जाऊ. तिथं तुम्ही तुमचं करा, डॉक्टर त्यांचं करतील. दोन्ही एकदम."

"आनि डाक्टर न्हाई म्हटला तर?"

"त्याच्याशी मी बोलेन."

केराच्या आईनं बाईंच्या तोंडाकडं पाहिलं. काय दिसलं तिला कुणास ठाऊक. मान हलवली.

घंटा झाली. वर्ग एकामागून एक खाली आले. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेवरून जायचं, पाय टेकायचा आणि बाजूला व्हायचं. पहिला पाय पीटीच्या सरांनी टेकवला, बूट काढून. मग मामांनी, खिचडीच्या ताईंनी, कारकुनांनी. मग मुलं. कुणी धावलं नाही, कुणाचा धक्का नाही, आवाज नाही. डावीकडून, एकामागं एक, सातशे-आठशे पोरं नुसत्या पावलांच्या आवाजात जिना उतरली. जूनपासून बाई ज्यासाठी झटत होत्या ती रांग ही. मी म्हणाले सुद्धा, त्यांना बरं वाटावं म्हणून: "बाई, बघा तरी, काय शिस्त!"

"ही शिस्त नाही," बाई म्हणाल्या. "ही घाबरलेली आहेत. मला अशी नको होती."

'नको' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

केराची आई ती माती गोळा करत होती. चिमूट चिमूट, जागा बदलून, कुणाचा पाय राहू नये म्हणून. पदराच्या टोकाला बांधली. मग रिक्षा. गोठ्यावरून केराला उचलली. तिच्या अंगाची धग माझ्या साडीतून लागत होती. दंडावर लाल ठिपके उठले होते. मी शास्त्र शिकवणारी बाई. डास, अळ्या, साचलेलं पाणी, सगळं फळ्यावर काढून दाखवणारी. त्या रिक्षात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: नाव मी सुचवलं, माझी नजर तर नसेल? लहानपणी माझी आजी म्हणायची, हिच्या डोळ्यात काहीतरी आहे, हिनं बघितलं की दूध नासतं. इतकी वर्षं मी ते विसरले होते. बी.एस्सी.ची डिग्री त्या रिक्षात कुठल्या वळणावर पडली, मला कळलं नाही.

डेंग्यू होता. डॉक्टर पोरगेलासा होता, बाईंवर चिडला. "इतक्या उशिरा? पेशी किती खाली गेल्यात बघा. आधी का नाही आणलं?"

"चुकलं," बाई म्हणाल्या. "आता पुढचं सांगा."

सलाईन लागलं. वॉर्डात मिरच्या जाळायला सिस्टरनी अर्थातच हाकलून दिलं. पण नुसतं ओवाळायला त्या आड आल्या नाहीत. तोंड फिरवून पलीकडच्या पेशंटचं सलाईन बघत राहिल्या. आईनं मुठीत मीठ, मोहऱ्या, मिरच्या आणि आमची सगळ्यांची माती घेतली आणि केराच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवली. ओठ हलत होते: "आल्या-गेल्याची, पापी-चांडाळाची, शाळंची, मास्तरांची..." शेवटच्या शब्दाला मी भिंतीला चिकटले.

मग दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर गेलो. चहावाल्याला आईनं नुसतं म्हटलं, "पावनं, जरा तुमची शेगडी." त्यानं भांडं उतरवलं, काही विचारलं नाही. तिथं त्याला हे रोजचं असावं. तिनं मूठ निखाऱ्यावर सोडली.

आता हे असं असतं: मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला, तर दृष्ट नव्हतीच, दुसरं काहीतरी आहे. ठसका लागला नाही तर दृष्ट होती, आणि उतरली. म्हणजे आईला हवं होतं ठसका न लागणं. बाईंना काय हवं होतं, मला माहीत नाही. आम्ही तिघी त्या शेगडीभोवती वाकून उभ्या. मिरच्या काळ्या झाल्या, तडतडल्या. मोहऱ्या उडाल्या. धूर वर आला. मला घशात कुठंतरी खवखवलं. आलाच ठसका तर? माझ्या एका ठसक्यानं ती बाई पोरीला उचलून घरी घेऊन गेली तर? नाहीतर दुसऱ्या कुठल्या देवऋष्याकडं? मी दात दाबले. डोळ्यांतून पाणी. शेजारी पाहिलं तर मोठ्या बाई ओठ घट्ट मिटून उभ्या, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, चेहरा लालबुंद. आणि चहावाला पलीकडं तोंड करून उगाच पाणी ढवळत होता, ठसका दाबताना खांदे हलत होते त्याचे.

कुणीच ठसकलं नाही.

"हुती," केराची आई म्हणाली. "उतारली." आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागली.

बाई लांब, गाड्यांच्या रांगेमागं गेल्या. मी त्यांच्या पाठोपाठ. आणि तिथं आम्ही दोघी जो ठसकलो. एकमेकींच्या पाठीवर थापा मारून, वाकून वाकून. बाईंचा हात धरला तर बर्फासारखा गार. "मी हे सगळं वाचून आणलं होतं हो," त्या म्हणाल्या. "मुलाला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, असं लिहिलं होतं. सगळ्यांसमोर उभं राहिल्यावर मुलाला काय काय दिसतं, ते लिहिलं नव्हतं. तिला काही झालं तर..."

मी गाड्यावरून पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला.

पेशी दुसऱ्या दिवशी आणखी खाली गेल्या. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवसांत शाळेत कुणी कुणाला चांगलं म्हणेना. मुलं एकमेकांकडं बघायला बिचकायची. एका मुलीनं माझी पडलेली पर्स आणून दिली आणि मी 'शाबा...' म्हणून तोंड उघडलं तर ती पळूनच गेली. बाई शाळा सुटली की दवाखान्यात जायच्या, पण वॉर्डात जायच्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसायच्या, दाराकडं पाठ करून. मी विचारलं, "आत का जात नाही?" तर म्हणाल्या, "तिच्या आईला मी बघितलेलं आवडत नसेल."

मग एका संध्याकाळी त्या पोरगेल्या डॉक्टरनं येऊन सांगितलं की पेशी वर चढायला लागल्यात. बाईंनी "बरं" म्हटलं, उठल्या, दोन पावलं चालल्या आणि पुन्हा बाकावर बसल्या.

केरा घरी आली. पण शाळेत येईना. बाई आणि मी गोठ्यावर गेलो तेव्हा ती खाटेवर बसून ताक पीत होती. दारात बिबा आणि लिंबू-मिरची टांगलेली, म्हशीच्या सुद्धा गळ्यात काळा दोरा. आमची चाहूल लागली तशी आईनं पोरीच्या तोंडावर पदर ओढला.

"शाळा बास," ती म्हणाली. "माझ्यासंगं धारा काढील. तुमच्या शाळंत चांगलं वागलं की टांगत्यात."

"तुम्ही सांगाल तसं करू," बाई म्हणाल्या.

"नाव घेनार न्हाय म्हना."

"घेणार नाही."

"तिच्याकडं कुणी बघनार न्हाय म्हना."

पदराआड केराचा पेला थांबला. ती काय उत्तर येतंय ते ऐकत होती, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. आठवी अर्धी झाली होती. ह्या दारातून आज ती बाहेर पडली नसती तर पुन्हा कधीच पडली नसती.

"एकटीला वगळलं तर तिच्याचकडं जास्त बघतील," बाई म्हणाल्या. "मी कुणाचंच नाव घेणार नाही. अख्ख्या शाळेत. तुम्ही येऊन बघा. पटलं तर ठेवा, नाहीतर हात धरून घेऊन जा."

स्टाफरूममध्ये दंगा झाला. एवढा बसवलेला कार्यक्रम! पीटीचे सर म्हणाले, "नाव न्हाय, टाळ्या न्हाईत, मग पोरांना शाबासकी द्याची कशी? शिव्या घालून?"

"तिला भीती नावाची आहे आणि नजरेची आहे," बाई म्हणाल्या. "ती दोन्ही काढू. शाबासकी उरतेच की."

शनिवार आला. शाळा मैदानावर उभी. केरा तिच्या रांगेत, ओढणी नाकापर्यंत. फाटकाशी तिची आई, उजव्या हाताची मूठ आवळलेली. मुठीत काय आहे ते मला विचारावं लागलं नाही. पुन्हा काही वेडंवाकडं झालं तर ती तिथल्या तिथं उतरवणार होती आणि पोरीला घेऊन कायमची जाणार होती. पंचेचाळिशीतली घोडी, आणि अंगठ्यानं माती उकरत उभी.

बाई पायऱ्यांवर आल्या. "आज सगळ्यांनी खाली बघायचं," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या पायांकडं. मी सुद्धा." आणि खरोखर मान खाली घालून, आपल्या कॅनव्हासच्या बुटांना सांगितल्यासारखं बोलायला लागल्या. "या आठवड्यात शाळेत कुणीतरी नव्या मुलाला आपल्या डब्यात जेवायला घेतलं. कुणीतरी आपलीच चूक आहे असं जाऊन सांगितलं. कुणीतरी रडणाऱ्या मुलीशेजारी नुसतं बसून राहिलं. कुणी, ते मला विचारायचं नाही. ज्यानं केलं त्याला माहीत आहे. त्यानं मनात स्वतःला शाबास म्हणावं. आपण सगळे तेवढा वेळ गप्प राहू."

अख्खी शाळा खाली बघत गप्प उभी राहिली. ते गप्प बसणं मातीच्या दिवशीसारखं नव्हतं. मी आपलं वर बघितलं. मी कधी सांगितलेलं ऐकलंय? रांगारांगांतून पोरांचे कान लाल झालेले. एका दोघांचे नव्हे, पुष्कळांचे. जो तो समजत होता, हे माझ्याबद्दल चाललंय. नववी 'ब'मध्ये माझा एक कर्दनकाळ होता, तो सुद्धा स्वतःच्या बुटांकडं बघून हसत होता. त्यानं काय केलं होतं देव जाणे. आणि केरानं ओढणी हनुवटीपर्यंत खाली घेतली होती. कुणी बघत नव्हतं ना!

मी फाटकाकडं पाहिलं. आई एकेका रांगेवरून डोळे फिरवत होती. कुठं एखादा डोळा वर आहे का. माझ्यावर येऊन थांबली. मी चटकन मान खाली घातली. पुन्हा पाहिलं तेव्हा ती मूठ उघडून मीठ-मोहऱ्या गटारीत झाडत होती. मग पदराला हात पुसला आणि आमच्या मोठ्या बाईंना ऐकू जाईल अशा दणदणीत आवाजात मामांना म्हणाली, "शाळा सुटली की तिला रिक्षात घाला वो. म्हशी सोडून मी येनार न्हाय सारकी सारकी."

केरा पुढं बारावी झाली, नर्स झाली. याहून जास्त मी सांगणार नाही.

मोठ्या बाई निवृत्त होऊन घाटाखाली आपल्या गावी गेल्या. आता पुष्कळ म्हाताऱ्या आहेत. मी हे लिहितेय म्हटल्यावर नात म्हणाली, "आजी, एवढं सगळं सांगतेस, त्यांचं नाव का नाही घातलंस? फोटो पण घाल की." मी तिला म्हटलं, गप बस. बाईंचं या वयात सगळं जागच्या जागी आहे, दात सुद्धा. आणि मी विज्ञान शिकवलंय, मला सगळं कळतं, डास कळतो, अळी कळते; पण छापून आलं की किती जणांची नजर पडते, ते मी मोजू शकत नाही.

तर वाचणारांनो, एवढंच ध्यानात ठेवा: बाई आपली साधीच होती. दातात शेंगदाण्याची सालं अडकलेली, चालायची मांजरासारखी, बोललेलं अर्धं ऐकू यायचं नाही. तिच्यात खास असं काही नव्हतं.